क्रांतिसिंह नाना पाटील : तलाठ्याची नोकरी सोडली, गावांचा कारभार हाती घेतला

६ डिसेंबर म्हटलं की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण याच तारखेला १९७६ साली आणखी एक मोठा माणूस गेला. त्यांचं नाव क्रांतिसिंह नाना पाटील. वर्तमानपत्रांत त्या दिवशी त्यांच्या वाट्याला फार तर एक छोटी चौकट येते. सांगली-सातारा सोडला तर नव्या पिढीला ‘पत्री सरकार’ हे नाव ऐकून माहीत असतं, पण त्यामागचा माणूस माहीत नसतो. म्हणून हा लेख.

नाना रामचंद्र पाटील, मूळ आडनाव पिसाळ, यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो, तेव्हा तो सातारा जिल्ह्यात होता. घर शेतकऱ्याचं. अंगानं धिप्पाड, आवाज खणखणीत, डोक्याला फेटा आणि बोलणं अस्सल रानातलं. शिक्षण बेताचंच, पण त्यावर तलाठ्याची नोकरी मिळाली.

त्या काळी तलाठी म्हणजे गावात सरकारचा चालताबोलता अवतार. कुणाच्या नावावर किती जमीन, कुणाचा सारा थकला, कुणाचं रान सावकाराकडे गहाण पडलं, हे सगळं त्याच्या दप्तरात. साहेब चावडीवर आला की शेजारी तलाठी उभा. ठरलेला पगार आणि गावात मान. शेतकऱ्याच्या पोराला यापेक्षा जास्त काय हवं असतं? पण नानांवर सत्यशोधक विचारांचा संस्कार होता. रयतेकडून सारा गोळा करायचा आणि त्याच रयतेचं दुःख रोज डोळ्यांनी बघायचं, हे त्यांना जमेना. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि त्यांनी राजीनामा दिला.

पुढची दहा-बारा वर्षं तुरुंग आणि गावं यांच्यातल्या ये-जा करण्यात गेली. आठ-नऊ वेळा शिक्षा झाली. बाहेर आले की पुन्हा पायी वाटचाल. मंडप नाही, लाऊडस्पीकर नाही. देवळाच्या पारावर उभं राहायचं आणि पेरणी, कर्ज, हुंडा, देवाधर्मावरचा खर्च असं घरातलंच बोलत बोलत स्वराज्यापर्यंत यायचं. शिकलेल्या पुढाऱ्यांचं भाषण लोक ऐकायचे, नानांचं भाषण लोकांना समजायचं.

१९४२ चा ऑगस्ट आला. सातारा जिल्ह्यात तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण धारातीर्थी पडले. निःशस्त्र माणसं पुढं करून सरकार हटत नाही, हे कार्यकर्त्यांनी ओळखलं आणि ते भूमिगत झाले. यातूनच १९४३ मध्ये प्रतिसरकार उभं राहिलं. नाना त्याचे मुख्य नेते. सोबत जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, नाथाजी लाड अशी तरुण फळी होती. तुफान सेना हे त्यांचं लढाऊ दल. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम काढून घेण्यात आली, ती कारवाई याच फळीची.

पण प्रतिसरकार म्हणजे फक्त रेल्वे आणि खजिने नव्हेत. शेकडो गावांत त्यांनी कारभार चालवला. जमिनीचे आणि भाऊबंदकीचे तंटे गावातच न्यायमंडळापुढं मिटवले. कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लागल्या नाहीत, वकिलाची फी नाही. दारूबंदी केली, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, सावकारांना वठणीवर आणलं. थोड्या खर्चात, बडेजाव न करता लग्नं लावली, त्यांना गांधी विवाह म्हणत. एका लग्नापायी शेत गहाण पडतं, हे दप्तर लिहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं. तलाठी म्हणून जे बघितलं, त्यावर नानांनी काढलेला हा उपाय होता.

सीमाभागातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेव्हाचा दक्षिण महाराष्ट्र म्हणजे गोधडीसारखा मुलूख. एक गाव इंग्रजांचं, शेजारचं औंधचं, पलीकडचं सांगली किंवा मिरज संस्थानचं. क्रांतिकारकांचं मोठं केंद्र असलेलं कुंडल औंध संस्थानात होतं. हद्द ओलांडली की पोलिसांचा अंमल बदलायचा, आणि भूमिगतांना त्याचा आसरा मिळायचा. हद्दीच्या रेषेचा जाच आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसतोय, पण त्या वेळी अशाच रेषांनी काही माणसांना वाचवलं.

या लढ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गद्दार, खबरे आणि गुंड यांच्या तळपायांवर मारण्याची शिक्षा गाजली, त्यावरून प्रतिसरकारला पत्री सरकार हे नाव पडलं. शिक्षा कडक होत्या. गावच्या जुन्या वैरातून कुणी खोटं बोट दाखवण्याचा धोकाही त्यात होता. अहिंसेच्या वाटेनं जाणाऱ्यांना हा मार्ग पटला नाही. हा वाद तेव्हाही होता, आजही आहे. नानांवर प्रेम करणाऱ्यांनी तो झाकून ठेवायचं कारण नाही.

सरकारनं नानांच्या डोक्यावर इनाम लावलं, घर आणि जमीन जप्त केली. तरी १९४६ पर्यंत ते हाती लागले नाहीत. इनामाच्या लोभानं त्यांना धरून देणारा निघाला नाही, यावरून रयतेनं त्यांना काय मानलं होतं ते कळतं. झळ बसली ती घरच्यांना. लेक हौसाताई लहानपणीच आईविना झालेली. पण तीही मागं राहिली नाही. १९४४ साली त्या पोर्तुगीजांच्या गोव्यात गेल्या. पणजीच्या तुरुंगात अडकलेल्या सहकाऱ्याची बहीण म्हणून त्यांनी भेट घेतली, सुटकेचा बेत कागदावर लिहून केसांत लपवून नेला. परतताना मध्यरात्री लाकडी पेटीच्या आधारानं मांडवी ओलांडली. गोव्याच्या वाचकांनी हे नाव मुद्दाम लक्षात ठेवावं.

स्वातंत्र्य आलं. नानांनी मनात आणलं असतं तर सत्तेच्या पंगतीत पहिलं पान त्यांचं होतं. पण शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, या हिशेबात त्यांचं काँग्रेसशी जमलं नाही. ते शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढं कम्युनिस्ट पक्षात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव-कारवारचा मराठी मुलूख म्हैसूरला जोडला गेला होता. त्यानंतरच्या १९५७ च्या निवडणुकीत साताऱ्यानं नानांना लोकसभेत पाठवलं. तिथं ते मराठीतून बोलले. ज्या भाषेत रयतेचं गाऱ्हाणं ऐकलं, त्याच भाषेत ते दिल्लीत मांडलं. आपल्याच गावात सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून अर्ज करणाऱ्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

१९६७ साली ते पुन्हा निवडून आले, पण या वेळी बीडमधून. बीड म्हणजे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातला भाग. तिथं ना त्यांची भावकी, ना शेतजमीन. तरी मराठवाड्याच्या शेतकऱ्यांनी साताऱ्याच्या या पाटलाला आपला मानलं.

राहणी शेवटपर्यंत तीच, साधी. नानांच्या इच्छेप्रमाणे वाळव्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. शेतकऱ्याच्या गुराढोरांवर उपचार करायला शिकवणारी संस्था आणि नानांचं नाव, हा मेळ चांगला जमलाय.

पण नावापलीकडचं काय? तलाठ्याच्या दप्तरातला उतारा आजही वेळेवर मिळत नाही. बांधाचा तंटा आजही वर्षानुवर्षं कोर्टात लोळतो. लग्नासाठी आजही कर्ज निघतं. नानांच्या गावांनी ऐंशी वर्षांपूर्वी ही तिन्ही कामं स्वतःच्या हाती घेऊन बघितली होती, तीही डोक्यावर परक्याचं सरकार असताना. पुढच्या ६ डिसेंबरला नानांच्या तसबिरीला हार घालताना आपल्या ग्रामसभेत यातलं एखादं काम निघालं, तर ती जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांपेक्षा मोठी आठवण ठरेल.