एअरगननं चिमणी पाडणाऱ्या पोरानं पुढं पिकावरच्या पाखरांचा हिशोब मांडला

जानेवारी उजाडला की हिंगोली, सेनगाव, वसमतच्या शिवारात ज्वारी हुरड्यावर येते. त्याच टायमाला काळ्या-गुलाबी पाखरांचे थवेच्या थवे रानात उतरतात. या भोरड्या. सोबतीला पोपट, चिमण्या, सुगरणी असतातच. मग माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणं आलं, डबे वाजवणं आलं, बुजगावणी उभी करणं आलं.

अशा वेळी कुणाच्याही डोक्यात विचार येतो की, सरळ बंदूकच चालवली तर? चालते का? परवाना लागतो का? आणि तो देतं कोण?

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं. हे बदल ज्या काळात झाले, त्यातला बराचसा काळ जगलेला एक माणूस होता. त्यानं स्वतः बंदुकीनं पाखरं टिपली आणि पाखरू मारण्याआधी ते समजून घ्या, हे देशाला शिकवलंही त्यानंच.

ते म्हणजे डॉ. सालिम अली.

खेतवाडीतला शिकारी पोरगा

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. भावंडांत सगळ्यात धाकटे. तीन वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीच्या घरात वाढवलं.

मामा शिकारीचे शौकीन. त्यांनीच भाच्याच्या हातात एअरगन दिली. तेव्हा एअरगन घेऊन चिमण्या टिपणारं पोरगं दिसलं तर कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

दहा-एक वर्षांच्या सालिमनं एकदा तबेल्यातल्या चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवली. बाहेर बसलेला नर टिपला. थोड्या वेळानं पाहतो तर मादीजवळ दुसरा नर हजर. तोही टिपला, तर तिसरा आला. आठवडाभरात त्याच जागेवर आठ नर पडले आणि पोरानं त्याची रीतसर नोंद करून ठेवली.

पोरखेळच होता तो. पण त्या नोंदीत एक मोठी गोष्ट लपली होती. एक पाखरू मारलं की त्याची जागा रिकामी होते, आणि रिकामी जागा भरायला दुसरं टपलेलंच असतं. पिकावर बसलेल्या चार पाखरांना गोळी घालून शिवार का मोकळं होत नाही, याचं एक उत्तर इथंच मिळतं.

असंच एकदा पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही खायला चालते का, असं पोरानं मामांना विचारलं. मामांनी त्याला थेट बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचं ओळखलं आणि पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी पोराला दाखवले. सालिम अलींचं आयुष्य तिथून फिरलं.

पदवी नाही, पगार नाही

पुढचा प्रवास सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सोडून ते भावाच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले. तिथं धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. परत आल्यावर मुंबईत प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पण विद्यापीठाची पदवी हातात नसल्यानं झूलॉजिकल सर्व्हेतली नोकरी हुकली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर म्हणून काम मिळालं. नंतर बर्लिनला जाऊन एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडं शिकले. १९३० मध्ये परतले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

मग नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथं त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. एक नर एकामागून एक घरटी बांधतो आणि वेगवेगळ्या माद्यांशी जोडी जमवतो, हे त्यांनी नीट नोंदवलं. दाणे टिपते म्हणून सुगरण शेतकऱ्याला नकोशी असते. पण तीच सुगरण पिलांना किडे-अळ्या भरवते.

निजामाच्या राज्यात पाखरांची मोजदाद

१९३१ मध्ये सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. पगार नको, फक्त खर्च द्या, अशा बोलीवर. हिंगोली तेव्हा याच संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट १ मे १९९९ ला.

तंबू टाकायचा, पहाटे बंदूक घेऊन निघायचं, नमुने गोळा करायचे, कातडी जपायच्या आणि नोंदी लिहायच्या, असा तो दिनक्रम. तेहमिना या मुक्कामांत सोबत असायच्या.

म्हणजे बंदूक अजून हातात होती, पण तिचं काम बदललं होतं. टिपलेला प्रत्येक पक्षी आता माहिती देत होता. तो काय खातो, कधी येतो, कुठं घरटं करतो?

भोरडी मित्र की शत्रू?

ब्रिटिशांनी १९१२ मध्ये वन्य पक्षी आणि प्राण्यांसाठी कायदा केला होता. त्यात बदक, मोर, तितर, लावा, बगळे अशा पक्ष्यांसाठी शिकारबंदीचा हंगाम ठरवता यायचा. मात्र मालमत्तेच्या बचावासाठी खरोखरच पक्षी मारला तर तो कायदा आड येत नव्हता. पोपट, चिमणी, भोरडी यांना तर त्या यादीत जागाच नव्हती. शिवाय तो कायदा ब्रिटिश मुलखाचा, निजामाच्या राज्याचा नाही.

थोडक्यात, पिकावरच्या पाखराची बाजू घेणारं कुणी नव्हतं.

सालिम अलींनी पाखरांचा जमा-खर्च मांडायला घेतला. पक्षी किडे मारतात, उंदीर मारतात, फुलांचं परागीभवन करतात, बिया पसरवतात. नुकसान मोजायचं तर हा फायदाही मोजा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४१ मध्ये आलेल्या त्यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' या पुस्तकानं हे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेलं.

भोरडीचंच बघा. हिवाळ्यात ती ज्वारीची नासाडी करते, हे खरंच आहे. पण हीच भोरडी टोळांचा फडशा पाडते. चीनच्या शिंजियांग भागात तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम घरट्यांची सोय केली जाते.

त्याच चीननं १९५८ मध्ये चिमण्यांविरुद्ध मोहीम काढली होती. चिमण्या धान्य खातात म्हणून त्या बेसुमार मारल्या गेल्या. मग किडे वाढले आणि १९६० मध्ये चिमणीचं नाव शत्रूंच्या यादीतून काढावं लागलं.

शिकारीचं तळं झालं अभयारण्य

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या. सालिम अली कोलमडले, पण काम थांबलं नाही. भरतपूरच्या ज्या तळ्यावर १९३८ मध्ये एका दिवसात ४ हजारांहून जास्त पक्षी मारले गेले होते, तिथंच पुढं त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून स्थलांतराचा अभ्यास केला. ते तळं वाचावं म्हणून धडपड केली. आज ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक. २० जून १९८७ ला नव्वदीत मुंबईत त्यांचं निधन झालं.

आणि परवान्याचं काय झालं?

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. ठरावीक प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवाने सुरूच राहिले. पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी होते, त्यांना मारायला परवानगीची गरज नव्हती. त्या यादीत पक्षी एकच होता, कावळा.

१९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवाने बंद झाले. २०२२ च्या दुरुस्तीनं ती पाचवी अनुसूचीच काढून टाकली. हा बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

आज पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतला प्राणी किंवा पक्षी उभ्या पिकाला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारण नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करायचा अधिकार केंद्र सरकारकडं आहे.

इथं अनेकांची गफलत होते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, पाखरू मारण्याचा नाही. बंदुकीचा कागद खिशात असला तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पोपटावर गोळी झाडली तर तो गुन्हाच. एअरगनचंही तसंच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, पण म्हणून तिनं पाखरं मारायची मोकळीक मिळत नाही.

ज्याचा दाणा जातो, त्याला नुकसान सोसावंच लागतं आणि ते छोटं नसतं. पण भोरडीच्या खात्यात एकीकडं ज्वारी आहे तर दुसरीकडं टोळ आहेत, हे कळायला कुणीतरी आयुष्यभर पाखरांच्या मागं फिरावं लागलं. खेतवाडीतल्या त्या पोराकडं जशी एअरगन होती, तशी तेव्हा अनेकांकडं होती. पण त्यानं टिपलेल्या पाखरांची नोंदही ठेवली.