बालकांच्या गुरुमाउली डॉ. मारिया मॉन्टेसरी

इटलीतील कियारावाल्ले गावी ३१ ऑगस्ट १८७० रोजी जन्मलेल्या या विदुषी १८९६ साली रोम येथे डॉक्टर झाल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, तेथील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले.

मुलांच्या हाती लेखणी देण्याची त्यांस घाई नव्हती. खरखरीत कागदाची अक्षरे त्या पुठ्ठ्यावर चिकटवीत. बालक त्यांवरून बोट फिरवी व त्याच वेळी अक्षराचा ध्वनी उच्चारी. पुढे सुटी अक्षरे जुळवून ते लहान शब्द मांडी. अशा रीतीने बोट, डोळा व कान तयार झाले, की चार-पाच वर्षांचे मूल आपण होऊन लिहू लागे; वाचन त्यामागून येई.

१९३९ साली त्या मद्रासेस आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत हिंदुस्थानात राहून त्यांनी अनेक शिक्षक घडविले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडात त्या देवाघरी गेल्या.

आमच्या धर्मग्रामातील मातापित्यांस आमची विनंती एवढीच, की अक्षर वळत नाही म्हणून लेकरावर छडी उगारू नये. त्याचे बोट आधी तयार होऊ द्यावे.