कर्मवीर दादासाहेब गायकवाड : मंदिराच्या दारापासून जमिनीच्या बांधापर्यंत

नाशिकच्या मातीनं बाबासाहेबांना एक माणूस दिला. त्यांचं नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड. समाज त्यांना प्रेमानं दादासाहेब म्हणतो आणि आदरानं कर्मवीर. विहाराच्या या वर्धापनदिनी त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसणार नाही.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी झाला. घरची परिस्थिती खेड्यातल्या कोणत्याही महार कुटुंबासारखीच होती. वतनाची जमीन नावाला आणि गावकीची कामं जन्माला पुजलेली. पुढे नाशकात ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं काम पाहू लागले. खेड्यापाड्यातून आलेली पोरं सांभाळताना त्यांना समाजाची नाडी कळली. ते अस्सल खेडूत बोलीत बोलत, त्यामुळे त्यांचं बोलणं माणसांच्या काळजाला भिडे.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व बाबासाहेबांचं, पण नाशकातली जुळवाजुळव भाऊराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. हजारोंची मिरवणूक मंदिरापाशी गेली, तर दारं बंद! दुसऱ्या दिवसापासून सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया चारही दारांशी जाऊन बसल्या. ९ एप्रिलला रथ ओढण्यावरून ठरलेली तडजोड मोडली गेली आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. माणसं रक्तबंबाळ झाली, पण मागे हटली नाहीत. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले, तेव्हाही भाऊरावांनी लढा थंड पडू दिला नाही. सुमारे पाच वर्षं हा लढा चालला.

१९३४ मध्ये बाबासाहेबांनी पत्रानं त्यांना कळवलं, की आता मंदिराच्या दारात शक्ती खर्च करू नये, ती शिक्षण आणि राजकारण यांत लावावी. इतकी वर्षं घरादारावर पाणी सोडून उभा केलेला लढा थांबवणं सोपं नसतं. भाऊरावांनी ते केलं. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रं पुढे छापली गेली. ती वाचली म्हणजे बाबासाहेबांचा या माणसावर केवढा भरवसा होता ते समजतं.

१९३७ मध्ये ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि १९६२ पासून सहा वर्षं राज्यसभेत होते. पण दिल्लीला जाऊनही त्यांचं ध्यान गावाकडेच राहिलं. धम्म घेतला, गावकी सोडली, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. आता खायचं काय? हा प्रश्न खेड्यातला माणूस त्यांना विचारत होता. त्यांचं उत्तर एकच होतं : जमीन. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनांना मिळालीच पाहिजे.

यासाठी त्यांनी १९५९ मध्ये सत्याग्रह केला. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षात फूट पडली. जमिनीचा लढा हा बाबासाहेबांचा सनदशीर मार्ग नव्हे, ही साम्यवाद्यांची वाट आहे, असा आक्षेप शिकलेल्या मंडळींनी घेतला. दादासाहेबांना तो पटला नाही. पोटाचा प्रश्न कोर्टकचेरीत सुटत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर दुसरा भूमिहीन सत्याग्रह सुरू झाला. लाखो माणसं तुरुंगात गेली. आयाबहिणी कडेवर लेकरं घेऊन गेल्या. मागण्यांत जमीन होती, किमान वेतन होतं, बौद्धांना सवलती होत्या आणि संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्रही होतं. तैलचित्र आणि केंद्राच्या सवलती या दोन गोष्टी १९९० मध्ये मिळाल्या. ते पाहायला दादासाहेब नव्हते.

१९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला, त्यावर पुष्कळ टीका झाली. पक्षाची शकलं त्यांना सांधता आली नाहीत, हेही खरं. मोठ्या माणसाच्या आठवणी काढताना हे झाकून ठेवू नये. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

२००४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांच्या नावानं योजना काढली : भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन. योजनेला नाव बरोबर दिलं. पण अजूनही आपल्यातली कितीतरी माणसं दुसऱ्याच्या बांधावर रोजानं राबतात. विहारात आपण दादासाहेबांच्या फोटोला हार घालतो, तो घालावाच. मात्र आपल्या गावात गायरान किती, ते कोण कसतं आणि कुणाच्या नावावर आहे, याची एकदा चौकशी करून पाहावी. दादासाहेबांनी आयुष्यभर हेच केलं.

कर्मवीरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम!