लाल रेशमाचा पतंग आणि मेबल

टेलिफोनचा शोध ग्रॅहम बेल यांनी लावला, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पण खुद्द त्यांच्या बायकोला तो टेलिफोन कधीच ऐकू आला नाही, हे वाचलं तेव्हा मी चटकन थांबले.

मेबल हबर्डचा जन्म १८५७ चा, अमेरिकेतल्या केंब्रिज गावचा. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हर झाला आणि कान गेले. आईवडिलांनी हार मानली नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला ती शिकली. बेल तिचे शिक्षक, दहा वर्षांनी मोठे. १८७७ मध्ये लग्न झालं, तेव्हा नवरदेवाने टेलिफोन कंपनीतले आपले दहा शेअर्स ठेवून बाकी सगळे तिच्या नावावर केले. दोन मुली झाल्या; दोन मुलगे मात्र जन्मताच गेले.

पुढे कॅनडात बॅडेक गावाजवळ, तळ्याकाठच्या टेकडीवर त्यांनी घर बांधलं. तिथे बेलसाहेबांना पतंगांचं वेड लागलं. आपला संक्रांतीचा पतंग नव्हे हं! माणसाला उचलेल असा पतंग. अडचण अशी, की पतंग नुसता मोठा करत गेलं तर कापडापेक्षा त्याचं वजनच झपाट्याने वाढतं. म्हणून त्यांनी छोटी छोटी घरं जोडायचं ठरवलं. सहा काड्यांचा, चार त्रिकोणी बाजूंचा सांगाडा, वीतभराहून जरा मोठा. त्यातल्या दोनच बाजूंना रेशमी कापड. अशी शेकडो घरं एकमेकांना जोडायची, मधमाशांच्या पोळ्यासारखी. गावातल्या बायका बसून हे रेशीम शिवायच्या. नाव मात्र झालं बेलसाहेबांचं, हे सांगायला नकोच!

१९०७ मध्ये बेल यांच्याभोवती चार तरुण जमले होते. तुम्ही सगळे मिळून एक संस्था काढा, हे सुचवलं मेबलने. नुसतं सुचवलं नाही, आपली मालमत्ता विकून २०,००० डॉलर्स दिले. नंतर आणखी १५,०००.

त्या वर्षी ६ डिसेंबरला ३,३९३ घरांचा ‘सिग्नेट’ बोटीने ओढला. त्यात थॉमस सेल्फ्रिज हा तरुण लष्करी अधिकारी होता. पतंग १६८ फूट वर गेला, सात मिनिटं राहिला. खाली मात्र पाण्यावर टेकला आणि बोटीने ओढला जाऊन मोडला. सेल्फ्रिज थंडगार पाण्यातून पोहत सुटला. उरलेलं लाल रेशीम वाया नाही घालवलं. संस्थेच्या पहिल्या विमानाच्या पंखांना तेच लावलं, म्हणून त्याचं नाव ‘रेड विंग’. बाईच्या घरातली काटकसर बघा कशी उपयोगी पडते!

पण सप्टेंबर १९०८ मध्ये ऑरव्हिल राइटच्या विमानाला अपघात झाला आणि त्यात बसलेला सेल्फ्रिज गेला. इंजिनाच्या विमानात जीव गेलेला तो जगातला पहिला माणूस. ज्या तरुणांना मेबलने एकत्र आणलं, त्यातलाच एक. तिला काय वाटलं असेल, या विचाराने माझ्या पोटात कालवतं. काम मात्र थांबलं नाही. २३ फेब्रुवारी १९०९ ला बॅडेकच्या गोठलेल्या तळ्यावरून ‘सिल्व्हर डार्ट’ उडालं, कॅनडातलं पहिलं विमानोड्डाण. मार्चअखेर संस्था बंद झाली.

बॅडेकच्या मुलींसाठी मेबलने १८९१ मध्येच क्लब काढला होता. ऑगस्ट १९२२ मध्ये बेल गेले आणि पाच महिन्यांनी, जानेवारी १९२३ मध्ये मेबलही गेली. दोघांनाही त्याच टेकडीवर पुरलं आहे.