लिओ व्हॅलेंटिन : पडायचं कसं हे शिकवणारा माणूस



आपल्या तळेगावच्या मुलांना उडणारी माणसं नवीन नाहीत. दिवाळीनंतर कामशेतच्या बाजूला गेलं की डोंगरावरून रंगीत पॅराग्लायडर उतरताना दिसतात. शिवाय आता मोबाईलवर वटवाघळासारखे पंख असलेला सूट घालून कड्याच्या अगदी जवळून सुसाट जाणारे लोकही मुलं बघतात. या सूटला विंगसूट म्हणतात. ते बघितल्यावर मुलांचा प्रश्न ठरलेला असतो. याचं पॅराशूट उघडलंच नाही तर काय? आपण पटकन सांगून मोकळे होतो की दुसरं असतं, राखीव. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच आहे. दुसरं पॅराशूट पाठीवर असूनही माणसं दगावलेली आहेत. ते का, हे समजून घ्यायचं तर लिओ व्हॅलेंटिन या फ्रेंच माणसाचं आयुष्य बघावं लागतं.

लिओचा जन्म १९१९ साली पूर्व फ्रान्समधल्या एपिनाल या गावी झाला. लहानपणापासून विमानाचं वेड. त्या काळात क्लेम सोन नावाचा एक अमेरिकन तरुण जत्रेसारख्या हवाई खेळांत माणूस-पाखरू म्हणून गाजत होता. हात आणि बरगड्या यांच्यामध्ये आणि दोन्ही पायांच्या मध्ये कापडाचे पंख शिवून तो विमानातून उडी मारायचा, हवेत सरकत यायचा आणि जमीन जवळ आली की पॅराशूट उघडायचा. २५ एप्रिल १९३७ रोजी पॅरिसजवळ व्हँसेन इथे प्रचंड गर्दीसमोर त्याचं मुख्य पॅराशूट उघडलं नाही. राखीवही नीट उघडलं नाही. तो गेला तेव्हा अवघा २६ वर्षांचा होता. लिओ तेव्हा अठराचा. एवढं होऊनही त्याच्या डोक्यातलं पंखांचं स्वप्न काही गेलं नाही.

पुढच्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, लिओ सैन्यात गेले आणि छत्रीधारी सैनिक झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेतलं आणि जून १९४४ मध्ये शत्रूच्या ताब्यातल्या ब्रिटनी भागात पॅराशूटने उतरले. पुढच्या लढाईत त्यांच्या उजव्या हाताला मोठी जखम झाली. युद्ध संपल्यावर ते सैन्यातच प्रशिक्षक म्हणून राहिले. म्हणजे आपल्याच व्यवसायातले म्हणायचे! आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम याच काळातलं आहे, पंखांचं नव्हे.

त्या वेळी विमानातून उडी मारून लगेच पॅराशूट न उघडता बराच वेळ तसंच पडत राहणं फार धोक्याचं मानलं जायचं. शरीर कोलांट्या खातं, गरगर फिरतं. अशा फिरणाऱ्या माणसाच्या पाठीवरून पॅराशूट सुटलं तर त्याच्या दोऱ्या हातापायांना गुंडाळतात. हे वर्गात दाखवणं अगदी सोपं आहे. एक पातळ कॅरीबॅग, चार दोरे आणि खाली बांधायला खडू घ्या. वरून सरळ सोडलं की पिशवी फुगते आणि खडू डुलत खाली येतो. आता तीच पिशवी गोल गोल फिरवून फेका. दोरे एकमेकांत पिळले जातात, पिशवीचा बोळा होतो आणि खडू दगडासारखा खाली पडतो. चौथीच्या मुलांना हे दोन मिनिटांत कळतं. फळ्यावर कितीही लिहिलं तरी इतकं कळत नाही.

लिओंनी यावर खूप उड्या मारून उपाय शोधला. पोट जमिनीकडे, कंबर पुढे काढून शरीराला कमानीसारखा बाक, हातपाय फाकवलेले, मान वर. अशा स्थितीत शरीर आपोआप स्थिर होतं. बॅडमिंटनचं फूल कसंही फेका, शेवटी बूच पुढे करूनच जातं ना, तसंच काहीसं. पोट आणि कंबर हे आपलं बूच, आणि मागे गेलेले हातपाय ही पिसं. माणूस ताशी १९०-२०० किलोमीटर वेगाने पडत असतो, पण स्थिर असतो. थोडा हात वळवला तर वळतोही. या स्थितीला व्हॅलेंटिन स्थिती असं नाव पडलं. १९४८ मध्ये त्यांनी प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय सर्वांत जास्त वेळ मुक्तपणे पडण्याचा विक्रमही केला. आज जगात कुठेही स्कायडायव्हिंग शिकायला गेलं तरी पहिल्या दिवशी जमिनीवर पालथं झोपवून हीच कमान करायला लावतात. कारण स्थिर शरीर असेल तरच पाठीवरच्या पॅराशूटला वर मोकळी हवा मिळते. मुख्य असो की राखीव, दोघांनाही तीच लागते.

दहा वर्षांच्या नोकरीनंतर लिओंनी सैन्य सोडलं आणि पंखांच्या मागे लागले. १९५० साली कापडाचे पंख लावून मोठ्या गर्दीसमोर उडी मारली, पण त्यात पडणंच जास्त आणि उडणं कमी. कापड हवेत फडफडतं, आकार धरत नाही. मग त्यांनी लाकडाचे ताठ पंख करून घेतले. वाऱ्याच्या दाबाने ते मिटू नयेत म्हणून बिजागऱ्यांना अडकवण बसवली. १९५४ मध्ये अशा पंखांवर आपण सुमारे ५ किलोमीटर सरकत गेलो असं त्यांनी सांगितलं. आपल्या अनुभवांवर पुस्तकही लिहिलं. पण हवाई खेळांच्या बिदागीवर जगणं सोपं नव्हतं, आणि हे सगळं थांबवण्याचा विचारही त्यांच्या मनात घोळत होता.

२१ मे १९५६, इंग्लंडमधलं लिव्हरपूल. स्पीक विमानतळावर जवळपास एक लाख लोक जमले होते. लिओ ३७ वर्षांचे होते. विमानाच्या दारातून बाहेर पडताना वाऱ्याच्या झोताने पंख विमानाला आपटला आणि त्याचा तुकडा उडाला. एक पंख अखंड, एक तुटका. तोल गेला आणि लिओ गरगर फिरायला लागले. त्यांनी पॅराशूट सोडलं, पण ते पूर्ण उघडलंच नाही, त्यांच्याभोवतीच गुंडाळलं गेलं. ज्या माणसाने साऱ्या जगाला स्थिर पडायला शिकवलं, त्याच्या शरीराला शेवटी त्या ताठ पंखांनी स्थिर होऊच दिलं नाही. इथे धाडस कमी पडलं नव्हतं आणि ज्ञान तर नाहीच नाही. पॅराशूटला मोकळी हवा मिळाली नाही, एवढंच.

पुढच्या काळात सामानात बरेच बदल झाले. १९७० च्या दशकात बिल बूथ यांनी तीन कड्यांची जोडणी काढली. बिघडलेलं मुख्य पॅराशूट एका ओढीत अंगापासून पूर्ण सुटतं आणि मगच राखीव उघडायचं, म्हणजे दोन्ही एकमेकांत अडकत नाहीत. १९९१ पासून सायप्रेस नावाचं जर्मन यंत्र मिळू लागलं. माणूस बेशुद्ध झाला तरी ठराविक उंचीवर, वेग सेकंदाला साधारण ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तर, ते राखीव पॅराशूट आपोआप सोडतं. विंगसूटवाल्यांनी इथे विशेष सावध राहायचं असतं. चांगल्या विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग यापेक्षा कमी असू शकतो, मग यंत्राला वाटतं सगळं ठीक आहे आणि ते गप्प बसतं. शिवाय हात कापडात असतात, दांडीपर्यंत पोचायला वेळ लागतो, पाठीमागे हवेचा भोवरा असतो. म्हणूनच अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने विंगसूट घालण्याआधी किमान २०० साध्या उड्यांची अट ठेवली आहे. आधुनिक विंगसूटचे जनक मानले जाणारे पॅट्रिक द गेयार्डाँ हे फ्रेंच उडीबाज १९९८ मध्ये हवाई बेटांवर गेले, तेही आपल्याच सामानात केलेल्या बदलामुळे पॅराशूट अडकून.

पालकांना एक सांगते. हे वाचून किंवा बघून एखादं मूल छत्री घेऊन ओट्यावरून किंवा गच्चीवरून उडी मारायला बघेल. नुसतं रागावू नका. छत्रीचं कापड माणसाचं वजन पेलायला फार लहान असतं, आणि गच्चीच्या उंचीवर खरं पॅराशूटसुद्धा फुगायला वेळ मिळत नाही, हे त्याला खडू बांधलेल्या पिशवीवरच दाखवा. पिशवी कमरेच्या उंचीवरून सोडा आणि मग डोक्याच्या वरून. फरक त्याचा त्यालाच दिसेल.

आणि कामशेतला मुलांना घेऊन गेलात तर उड्डाण संपवून आलेल्या एखाद्या पायलटला त्याचं राखीव पॅराशूट कुठे असतं ते विचारा. बहुतेक जण आनंदाने दाखवतात. ते बसायच्या पट्ट्यात, हाताला लागेल अशा जागी असतं. वेळ आली तर पायलट त्याची मूठ ओढून ते बाहेर काढतो आणि बिघडलेल्या पंखापासून दूर, जिकडे मोकळी हवा असेल तिकडे जोरात भिरकावतो.