युजेन सँडो : औषधाविना घडलेले शरीर

बिनबाह्यांच्या बनियनला आपण 'सँडो' म्हणतो. परंतु ते एका माणसाचे नाव आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक मानला जाणारा हा युजेन सँडो. स्टिरॉइडच्या गोळ्या व इंजेक्शने घेऊन स्नायू फुगविण्याच्या आजच्या काळात त्याचे चरित्र मुद्दाम अभ्यासावे असे आहे.

सँडोचा जन्म २ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे झाला. मूळ नाव फ्रीडरिख विल्हेल्म म्युलर. लष्करातील सक्तीची नोकरी टाळण्यासाठी त्याने देश सोडला आणि सर्कशीत कसरती केल्या. पुढे ब्रसेल्समध्ये 'प्रोफेसर ॲटिला' या व्यायामशिक्षकाच्या हाताखाली तो तयार झाला. नोव्हेंबर १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर सॅम्सन नावाच्या नामांकित बलवानाला त्याने हरविले आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरली.

योगायोग असा, की त्याच वर्षी १ जून रोजी पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्याने आपली शक्ती परत आल्याचे जाहीर केले होते. त्या अर्कात उपयोगी पडेल इतके संप्रेरक नव्हतेच. गुण आला तो मनाच्या समजुतीचा. पण शक्ती सुईतून मिळते, ही कल्पना तेव्हापासून रुजली.

सँडोचा मार्ग मेहनतीचा होता. १८९३ मध्ये अमेरिकेत खेळ करताना त्याच्या ध्यानी आले, की लोक वजनांइतकेच त्याच्या शरीराकडे पाहतात. मग शरीराचे प्रदर्शन हीच त्याची कला झाली. १८९७ मध्ये त्याने लंडनला व्यायामसंस्था काढली. पुस्तके लिहिली, मासिक चालविले. १९०४-०५ च्या दौऱ्यात तो हिंदुस्थानातही येऊन गेला. तो काही विरक्त साधू नव्हता. स्वतःच्या नावावर त्याने डंबेल्स विकली, कोकोही विकला, आणि कोकोच्या धंद्यात तो बुडाला.

१४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे परीक्षक होते. केवळ स्नायूंचा आकार न पाहता प्रमाणबद्धता, त्वचेची कांती आणि एकंदर आरोग्य पाहावे, असा दंडक होता. पहिल्या आलेल्या विल्यम मरेला सँडोचाच सुवर्णपुतळा मिळाला.

१४ ऑक्टोबर १९२५ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, सँडो वारला. मोटार एकट्याने उचलल्यामुळे त्याचा अंत झाला, अशी वार्ता पसरली. नोंद मात्र महारोहिणीच्या विकाराची आहे. मेहनतीने कमावलेले शरीरही अमर नसते, हे येथे मान्य केले पाहिजे.

त्याच्यामागून दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झाले. १९५८ मध्ये सिबा कंपनीची 'डायनाबॉल' गोळी अमेरिकेत बाजारात आली. ती होती रुग्णांसाठी, पण डॉ. झीग्लर यांनी ती वजन उचलणाऱ्यांना दिली आणि तेथून ती व्यायामशाळांत पोहोचली. अशा औषधांनी स्नायू झपाट्याने वाढतात, हे खरे. परंतु बाहेरून संप्रेरक मिळू लागले, की शरीर स्वतःचे संप्रेरक बनविणे थांबविते. वृषण आक्रसतात, वंध्यत्व येऊ शकते. गोळ्यांनी यकृत बिघडते, रक्तातील चरबीचा समतोल ढळतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. १९९६ मध्ये ऑस्ट्रियाचा शरीरसौष्ठवपटू आंद्रेआस म्युन्झर एकेक इंद्रिय निकामी होऊन मरण पावला, तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा होता.

१९७७ पासून 'मिस्टर ऑलिंपिया'च्या विजेत्याला सँडोचा पुतळा देतात. ज्याच्या हयातीत हे औषध जन्मलेच नव्हते, त्याची मूर्ती आज औषधांनी ग्रासलेल्या क्षेत्राचे सर्वोच्च पारितोषिक आहे. आपल्या महाविद्यालयीन व्यायामपटूंनी ती मूर्ती जरूर न्याहाळावी. पण त्याबरोबर १९०१ चा तो दंडकही आठवावा. त्यात आरोग्यालाही गुण होते.