फोनच्या स्पेकमध्ये लपलेला माणूस: ऑस्कर बारनाक आणि रेंजफाइंडर स्टाइल कॅमेरे

हातातल्या फोनचं स्पेसिफिकेशन उघडा आणि मेन कॅमेऱ्याची ओळ बघा. बऱ्याच फोनमध्ये तिथे २४ मिमी किंवा २६ मिमी असं लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे फोनमधल्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ जेमतेम काही मिलिमीटर असते. हा आकडा एका जुन्या फ्रेमच्या हिशोबाने काढलेला असतो. ती फ्रेम ३६ बाय २४ मिमीची, कॅमेरेवाले जिला फुल फ्रेम म्हणतात तीच. ती जगभर रूढ झाली एका दमेकरी जर्मन मेकॅनिकमुळे. त्याचं नाव ऑस्कर बारनाक.

सहा महिने पैसे साठवून मी पहिला मिररलेस घ्यायला निघालो, तेव्हा हे नावही मला माहीत नव्हतं. मला एवढंच ठरवायचं होतं की वरून सपाट आणि डाव्या कोपऱ्यात व्ह्यूफाइंडर असलेला रेंजफाइंडर स्टाइल कॅमेरा घ्यायचा, की मधोमध उंचवटा असलेला, छोट्या डीएसएलआरसारखा दिसणारा. पैसे एकाच बॉडीचे होते. चुकलो तर पुढची दोन-तीन वर्षं तेच गळ्यात. म्हणून हा रेंजफाइंडर मुळात आला कुठून, ते शोधायला बसलो आणि बारनाक सापडला.

त्याचा जन्म १८७९ चा, बर्लिनच्या दक्षिणेला लिनोव नावाच्या छोट्या गावातला. शिक्षण कारखान्यातलंच, बारीक यंत्रं बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करून घेतलेलं. नंतर गावोगाव कामं करत तो १९०२ मध्ये येना शहरात झाइस कंपनीत लागला. फोटोग्राफीचा नाद होता, पण त्या काळचा कॅमेरा म्हणजे १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, लाकडी पेटी आणि तिपाई. हे सगळं पाठीवर घेऊन तो थुरिंगियाच्या जंगलात डोंगर चढायचा आणि दमा त्याला अर्ध्या वाटेत गाठायचा.

इथे मला राजगड आठवला. दादाचा डीएसएलआर आणि त्याची भलीमोठी झूम लेन्स घेऊन निघालो होतो. चोर दरवाजाच्या चढाचा विचार करून बॅग खाली गुंजवण्यातच एका घरी ठेवली आणि वरचे सगळे फोटो फोनवर काढले. मला दमा नाही, नुसता आळस आहे. बारनाकला मात्र पर्यायच नव्हता. एक तर डोंगर सोडायचा, नाहीतर कॅमेरा लहान करायचा.

आधी त्याने एकाच प्लेटवर बरेच छोटे फोटो बसवून बघितले. पण त्या प्लेटचं इमल्शन इतकं भरड होतं की फोटो मोठा केला की सगळा रवाळ दिसायचा. तो प्रयोग तिथेच संपला.

मग नोकरी बदलली. एमिल मेखाऊ हा त्याचा झाइसमधला सहकारी वेट्झलरला, लाइट्झ या मायक्रोस्कोपच्या कंपनीत गेला होता. त्याने बारनाकचं नाव सुचवलं. तब्येतीची काळजी होतीच, तरी १९११ च्या सुरुवातीला बारनाक तिथे प्रायोगिक विभागाचा प्रमुख म्हणून रुजू झाला. तिथे सिनेमाच्या यंत्रांवर काम करताना त्याच्या हाताला ३५ मिमीची फिल्म लागली. सिनेमाची फ्रेम १८ बाय २४ ची, फिल्म उभी सरकायची. बारनाकने फिल्म आडवी सरकवली आणि दोन फ्रेमची जागा एकाच फोटोला दिली, म्हणजे २४ बाय ३६. नेगेटिव्ह छोटं काढायचं आणि फोटो नंतर मोठा करायचा, ही जुनी कल्पना आता जमली.

१९१४ पर्यंत खिशात मावेल असा धातूचा कॅमेरा तयार होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्धासाठी सैन्याची जमवाजमव सुरू झाली, तेव्हा त्याने वेट्झलरच्या रस्त्यावर जाऊन फोटो काढले. १९२० च्या पुराचेही काढले. तिपाई लावून बसलेला माणूस असे फोटो काढू शकला नसता.

पण कॅमेरा विकायला यायला आणखी दहा वर्षं गेली. आधी युद्ध, मग १९२३ ची भयानक महागाई. मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कंपनीने अशा वेळी खेळण्यासारख्या दिसणाऱ्या कॅमेऱ्यावर पैसा का लावावा? चाचणीसाठी वीस-पंचवीस नग बनवले होते, त्यांचं फार स्वागत झालं नाही. शेवटी १९२४ मध्ये बऱ्याच चर्चेनंतर मालक एर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांनी धोका पत्करला. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा मिळून नाव लायका. लेन्स त्यांच्याच कंपनीतल्या माक्स बेरेकची, ५० मिमीची, वापर झाला की आत ढकलून ठेवायची. फिल्म पुढे सरकवणारी खुंटीच शटरही भरायची, त्यामुळे एकावर एक दोन फोटो उमटायची चूक टळायची.

आता खरी मजा ऐका. या पहिल्या लायकात रेंजफाइंडर नव्हताच! अंतर अंदाजाने लावा, किंवा वर एक वेगळा अंतरमापक अडकवा, त्यावरचा आकडा वाचा आणि लेन्सवर तेवढा फिरवा. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला १९३२ च्या लायका दोनमध्ये. त्यात थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतून दिसणारी चित्रं एकावर एक पडतात आणि लेन्स फिरवली की एक चित्र सरकतं. दोन्ही जुळली की फोकस झाला. आपले दोन डोळे अंतर ओळखतात तसंच हे.

यात तुम्ही लेन्समधून बघतच नाही, बाजूच्या खिडकीतून बघता. मधे आरसा नाही, म्हणून बॉडी बारीक, आवाज कमी आणि फोटो काढताना समोरचं दृश्य काळं होत नाही. तोटाही त्यातूनच येतो. जवळच्या वस्तूची चौकट सरकते आणि लांब पल्ल्याच्या लेन्सला ही पद्धत फारशी झेपत नाही.

बारनाक १६ जानेवारी १९३६ ला गेला, वयाच्या ५६ व्या वर्षी. त्याच वर्षी ड्रेस्डेनहून किने एक्झाक्टा हा ३५ मिमीचा, आरशातून बघायचा एसएलआर बाजारात आला. म्हणजे आज दुकानात समोरासमोर ठेवलेली ही दोन घराणी तेव्हाच वेगळी झाली होती. आणि डाव्या कोपऱ्यातली जी मोठी खिडकी आपल्याला रेंजफाइंडरची ओळख वाटते, ती १९५४ च्या लायका एम३ ची. बारनाकच्या कॅमेऱ्यात फोकसची खिडकी वेगळी आणि चौकटीची वेगळी होती.

हे वाचल्यावर माझा गोंधळ बराच कमी झाला. मिररलेसमध्ये आरसा कुठल्याच प्रकारात नसतो. चित्र सेन्सरवरून येतं, त्यामुळे चौकट सरकण्याचा प्रश्नही दोन्हींत नाही. खरा रेंजफाइंडर हवा तर मुख्यतः लायकाची एम मालिका, आणि तिची किंमत बघून मी टॅब बंद केला. फुजीफिल्मच्या एक्स-प्रो आणि एक्स१०० मध्ये निदान काचेतून थेट बघायची सोय आहे. सोनी ए७सी सारख्यांमध्ये फक्त ठेवण तशी आहे. पण ठेवणीनेही फरक पडतो. उजव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक स्क्रीनवर दाबत नाही आणि डावा डोळा मोकळा राहतो. बॅगेत बॉडी अडकत नाही. उंचवटेवाल्यात व्ह्यूफाइंडर सहसा मोठा आणि पकड खोल असते, जड लेन्स लावली तर हे जाणवतं.

दुकानात मी सपाटवाला डोळ्याला लावला आणि लक्षात आलं की मी डाव्या डोळ्याने बघतो! इतकी वर्षं फोनच्या स्क्रीनकडे दोन्ही डोळ्यांनी बघत आलो, कधी कळलंच नव्हतं. नाक स्क्रीनवर, उजव्या हाताचा अंगठा दुसऱ्या डोळ्यापाशी, आणि कोपऱ्यातल्या व्ह्यूफाइंडरचा सगळा फायदा गेला. खोटं कशाला बोलू, दिसण्यासाठी तरी तोच घ्यावा असं पाच मिनिटं वाटत होतं. शेवटी मधोमध व्ह्यूफाइंडर असलेला एक छोटा कॅमेरा आणि एकच बारकी लेन्स घेतली.

पुढच्या महिन्यात परत राजगड आहे. या वेळी गुंजवण्यात बॅग ठेवणार नाही.